कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर: कोणता घ्यावा, कुठे लावावा?

प्रश्न: आमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. मुलगा म्हणतो, कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर आणू या. स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारं यंत्र आधीच लावलेलं आहे. मग आणखी एक कशाला? आणि आणलंच तर कोणतं घ्यावं, कुठे लावावं, निगा कशी राखावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन्ही यंत्रं ‘गॅस’ ओळखतात म्हटल्यावर एक पुरे, असं वाटणं साहजिक आहे. पण दोघांचे वायू वेगळे. स्वयंपाकघरातलं यंत्र न जळलेला एलपीजी ओळखतं. हा वायू हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचतो आणि गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये नसतोच. इंधन अपुऱ्या हवेत जळलं की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि एलपीजीच्या साध्या यंत्राला तो कळत नाही.

आता बंद बाथरूममध्ये काय होतं ते पाहा. गिझरची ज्योत खोलीतला ऑक्सिजन वापरते आणि जळून तयार झालेले वायू तिथेच सोडते. ऑक्सिजन कमी पडू लागला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. श्वासावाटे रक्तात गेल्यावर तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट घट्ट चिकटतो. मग शरीराला ऑक्सिजन पोचेनासा होतो. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं. माणसाला वाटतं, पित्त झालं असेल. दार उघडायचं सुचेपर्यंत पायांतली शक्ती गेलेली असू शकते.

इथे काही समजुती दूर करायला हव्यात. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे चूक: धुमसणाऱ्या कोळशाच्या शेगडीचा धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणजे झालं, हेही पुरतं खरं नाही. बाहेरून हवा आत यायला वाटच नसेल, तर पंखा हवा ओढणार कुठून? आणि कोविडपासून घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे चक्क फसतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनयुक्त रक्तासारखंच दिसतं. माणूस गुदमरत असतानाही आकडा ९८ येऊ शकतो.

निवड करताना वेष्टनावर युरोपचं ‘ईएन ५०२९१’ किंवा अमेरिकेचं ‘यूएल २०३४’ हे मानक छापलेलं आहे का, ते आधी पाहा. सेन्सर इलेक्ट्रोकेमिकल असावा. आकडा दाखवणारा पडदा असला तर उत्तम. तो पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग, हे सांगतो. यंत्र लगेच का वाजत नाही, अशी शंका अनेकांना येते. त्याचं कारण असं की, इजा वायूचं प्रमाण आणि वेळ या दोन्हींवर ठरते. युरोपीय मानकानुसार ५० पीपीएमला यंत्र ६० ते ९० मिनिटांत वाजतं, तर ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत.

जागेबद्दलही गैरसमज आहे. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका, म्हणून यंत्र छतालाच हवं, असं नाही. तो हवेत मिसळून सगळीकडे पसरतो. झोपायच्या खोलीत ते उशीच्या उंचीच्या आसपास लावावं. इंधन जळणारं उपकरण ज्या खोलीत असेल, तिथे ते उपकरणापासून १ ते ३ मीटर अंतरावर, भिंतीवर उंच असावं. पडद्यामागे, कपाटात किंवा खिडकीच्या झोतात नको. वाफेनं सेन्सर बिघडतो, म्हणून बाथरूममध्येही नको.

इथेच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. यंत्र बाहेर आणि वायू आत, अशा स्थितीत इशारा उशिरा मिळणार. म्हणून आधी प्लंबरला बोलावून गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हलवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ द्या. ते होईपर्यंत बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मगच अंघोळीला जा. डिटेक्टर ही दुसरी फळी. पहिली फळी मोकळी हवा.

निगा सोपी आहे. महिन्यातून एकदा ‘टेस्ट’चं बटण दाबा. त्यानं बॅटरी, भोंगा आणि आतली जोडणी तपासली जाते, सेन्सरची ताकद नव्हे. सेन्सर वयानुसार थकतो. बहुतेक यंत्रांचं आयुष्य ५ ते १० वर्षं असतं. मागे छापलेली मुदत मोठ्या अक्षरांत पुढे लिहून ठेवा. थोड्या थोड्या वेळानं एकच बारीक ‘टिक्’ ऐकू आली, तर बॅटरी किंवा यंत्राची मुदत संपत आली असं समजा. धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झटका. स्प्रे, स्पिरिट, सॅनिटायझर जवळ नेऊ नका. इन्व्हर्टरची बॅटरी शेजारी नको, कारण ती चार्ज होताना निघणाऱ्या हायड्रोजननंही हा सेन्सर फसतो.

मात्र मोठा भोंगा वाजला, तर यंत्राला दोष देत बसू नका. ज्योत विझवा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. कोणाला चक्कर किंवा मळमळ असेल, तर १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना ‘घरात गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगा. या एका वाक्यामुळे त्यांना रक्ताची नेमकी तपासणी करून लगेच ऑक्सिजन सुरू करता येतो.