तीन मिनिटांत प्रबंध

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली ‘थ्री मिनिट थीसिस’ ही संशोधक विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू केली. त्या काळी तेथे दुष्काळ होता. पाणी वाचवण्यासाठी लोक तीन मिनिटांचे घड्याळ लावून स्नान करीत. त्यावरूनच ही कालमर्यादा सुचली.

नियम कडक आहेत. एकच स्थिर स्लाइड. ध्वनी, चित्रफीत व साधनवस्तू वर्ज्य. वेळ ओलांडली की स्पर्धक बाद. श्रोते सुजाण, पण त्या विषयाचे तज्ज्ञ नव्हेत, असे समजून बोलायचे असते. म्हणून प्रथम प्रश्न मांडावा, तो कोणासाठी महत्त्वाचा आहे ते सांगावे, मग आपल्याला काय आढळले ते. अभ्यासपद्धतीस एखादे वाक्य पुरे. मिनिटास सव्वाशे शब्द धरल्यास पावणेचारशे शब्दांत सारे बसवावे लागते.

पीएच.डी. करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही एक सुचवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील तो पहिलाच प्रबंध असतो, आणि आईवडिलांना त्याचे नावही नीट ठाऊक नसते. स्पर्धेला उतरण्यापूर्वी ही तीन मिनिटे त्यांना मराठीत ऐकवावीत. ते जेथे अडतील, ते वाक्य पुन्हा लिहावे.