साखर, पीठ आणि हिमस्खलन

मी कॉन्व्हेंटवाली. 'हिमस्खलन' हा शब्द शुद्ध लिहायलाच मला तीन कागद लागले, तेव्हा चुकभूल माफ करा.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मी पाचवीत होते. ३ तारखेला सियाचीनमध्ये १९,६०० फुटांवरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यांतले सुनील सूर्यवंशी सातारा जिल्ह्यातले, तर हणमंतप्पा कोप्पद धारवाडचे. म्हणजे आपल्या हायवेवर एक कोल्हापूरच्या अलीकडे, एक पलीकडे! हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ तारखेला गेले. त्या दिवशी आमच्या घरी कुणी नीट जेवलं नाही.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या विंगमधल्या चौघी जानेवारीत हिमालयात ट्रेकला निघाल्यात. गाईडचा विषय निघाला तर एकजण म्हणाली, "गाईड कशाला? पन्हाळा-पावनखिंड भर पावसात केलंय की!" मला तिथंच धास्ती वाटली. कारण आपल्याकडे चिखलात आपला पाय घसरतो. तिथं पायाखालचा अख्खा उतारच घसरू शकतो.

तो कसा, ते बघा. डोंगरावरचं हिम एकसंध नसतं. प्रत्येक हिमवर्षावाचा वेगळा थर बसतो. हंगामाच्या सुरुवातीला थर पातळ असतो. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वर हवा कडाक्याची थंड. मीटरला साधारण १० अंशांहून जास्त फरक पडला की खालची वाफ वर सरकते आणि तळाच्या कणांचे साखरेसारखे सुटे, टोकदार दाणे होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. पुढे त्यावर ताजं हिम पडतं, वारा ते दाबून घट्ट करतो आणि वर लादी तयार होते. सॉईल मेकॅनिक्सच्या भाषेत, वजनाने शिअर स्ट्रेस वाढतो, पण दाण्यांच्या थराची स्ट्रेंग्थ तेवढीच राहते. मग एका माणसाचं वजनही पुरतं. हिमस्खलनात सापडणाऱ्या बहुतेक ट्रेकर्सच्या बाबतीत ती लादी त्यांनी स्वतः किंवा बरोबरच्याच कुणीतरी सोडवलेली असते.

आम्ही प्रयोग केला. ड्रॉईंग बोर्डवर गोणपाट, त्यावर साखर, त्यावर दाबलेलं पीठ. (मेसच्या काकूंनी पीठ सढळ हाताने दिलं, साखर मात्र मोजून!) बोर्ड हळूहळू कलता केला. बराच वेळ काहीच नाही, मग वर एक भेग पडली आणि सगळं पीठ एकदम खाली. साखर न घालता केलं तेव्हा बोर्ड त्याहून जास्त कलला, तरी पीठ गोणपाटाला धरून राहिलं.

आता जाणाऱ्यांनी पाठ करायच्या गोष्टी :

१) धोक्याचा उतार ३० ते ४५ अंशांचा. पण सपाट जागाही अशा उताराच्या पायथ्याशी असेल तर सुरक्षित नाही.

२) ताजा जोरदार हिमवर्षाव, वारा किंवा अचानक वाढलेली उष्णता यानंतर उतारावर जाऊ नका.

३) पायाखाली 'धप्प' आवाज आला किंवा भेग धावत गेली, तर थर कमजोर आहे. मागे फिरा.

४) डीआरडीओची चंदीगडची संस्था डीजीआरई हिमस्खलनाचे इशारे देते. ते बघूनच निघा.

५) संशयाचा उतार एकेकीने ओलांडा. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर जगण्याची शक्यता चांगली, नंतर ती झपाट्याने घटते. म्हणून ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडं प्रत्येकीकडे हवं. बाहेरून मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि अनुभव असला म्हणजे झालं, असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी सापडली. त्यात शिकणारे आणि शिकवणारे मिळून पंचवीसहून जास्त जण गेले.

प्रयोग बघून आमच्या चौघींनी गाईड ठरवलाय. त्यांना एवढंच सांगते : शिखर न गाठता अर्ध्या वाटेवरून परत आलात, तर विंगमध्ये तुम्हाला कुणी चिडवणार नाही. चहा माझ्याकडून!