स्ट्रॉबेरीचा हंगाम आणि निरनिराळ्या भागांतील आवक

महाराष्ट्रात स्ट्रॉबेरी म्हटले की महाबळेश्वर-पाचगणीचे नाव ओघानेच येते, आणि ते योग्यही आहे. सातारा जिल्ह्यातील या डोंगरी पट्ट्यात इंग्रजी अमदानीपासून हे फळ लावले जात असून २०१० साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’स भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. तथापि हे पीक आता एका डोंगरापुरते राहिलेले नाही. वाई आणि जावळी तालुक्यांतील खालच्या अंगाची गावे, नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा व कळवण तालुक्यांचा आदिवासी भाग आणि राज्याबाहेर हरियाणातील हिसार, मेघालयातील री-भोई जिल्हा व काश्मीर खोरे इतक्या ठिकाणी त्याची लागवड होते. कोणत्या भागाचे फळ बाजारात केव्हा उतरते याची माहिती नसता केवळ शेजाऱ्याचे पाहून रोपे लावणारा शेतकरी पुष्कळदा ऐन भर आवकेत सापडतो. एकरी वीस ते पंचवीस हजार रोपे, गादीवाफे, ठिबक संच आणि मल्चिंगचा कागद एवढा खर्च पहिले फळ हाती येण्यापूर्वीच झालेला असतो. यास्तव हंगामाचा आणि आवकेचा विचार रोपे लावण्यापूर्वी करावयास हवा, तोडा सुरू झाल्यावर नव्हे.

पिकाचा स्वभाव

स्ट्रॉबेरीला फुले येतात ती दिवस लहान होऊ लागल्यावर आणि रात्री थंड पडू लागल्यावर. आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या बहुतेक जाती याच स्वभावाच्या आहेत. ‘स्वीट चार्ली’ व ‘विंटर डॉन’ या अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाने, तर ‘कॅमारोसा’ व ‘चँडलर’ या कॅलिफोर्निया विद्यापीठाने तयार केलेल्या आहेत. पहिल्या दोन लवकर फळतात. फूल उमलल्यापासून फळ लाल होण्यास सुमारे एक महिना लागतो. थंडी कडक असल्यास थोडा अधिक. उलट दिवसाचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की फळ लवकर पिकते, परंतु लहान व मऊ राहते. मुळे उथळ असल्याने त्यांचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या वीतभर थरातच असतो. त्यामुळे रोपास पाण्याचा ताणही सोसत नाही आणि साचलेले पाणी तर मुळीच सोसत नाही.

आणखी एक गोष्ट अशी की, हे फळ आंबा-केळ्याप्रमाणे तोडल्यावर पिकत नाही. अर्धे पांढरे फळ तोडून पेटीत भरले तर वाटेत त्याला थोडा रंग चढेल, गोडी मात्र वाढणार नाही. डिसेंबरच्या चढ्या भावाच्या लोभाने अशी फळे पाठविणारे काही बागायतदार आहेत. ग्राहक एकदा आंबट फळ घेतो आणि पुढे महिनाभर त्या पेटीकडे फिरकत नाही. त्याचे नुकसान साऱ्या गावाला सोसावे लागते.

कोणत्या भागाचे फळ केव्हा

महाबळेश्वर पठारावर आयात केलेली मातृरोपे, ज्यांस शेतकरी ‘मदर’ म्हणतात, उन्हाळ्याच्या अखेरीस रोपवाटिकेत लावली जातात. त्यांच्या धुमाऱ्यांपासून तयार झालेली रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरात शेतात जातात. पहिला तोडा नोव्हेंबरच्या अखेरीस मिळू लागतो, जानेवारी व फेब्रुवारीत फळाचा भर असतो आणि भिलार, मेटगुताड यांसारख्या उंचावरील गावांत एप्रिलपर्यंत फळ चालते. वाई-जावळीच्या सखल भागात जमीन लवकर वापशावर येत असल्याने लागवड सोयीची पडते, परंतु ऊनही तेथे लवकर तापते व मार्चमध्येच फळ बारीक होऊ लागते.

सुरगाणा-कळवणकडील बागा बहुधा लहान, काही गुंठ्यांच्या. तेथील फळ डिसेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत असते आणि त्यातील पुष्कळसे वणी-सापुतारा रस्त्यावर प्रवाशांस थेट विकले जाते. दलाली नाही, दूरची वाहतूक नाही. लहान शेतकऱ्याने अनुकरण करण्याजोगी ही रीत आहे.

हिसारकडील फळ जानेवारी ते मार्च या काळात निघते व दिल्लीचा बाजार त्यास हाकेच्या अंतरावर आहे. महाबळेश्वरहून दिल्लीस माल धाडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. डिसेंबरात तेथे मिळणारा भाव फेब्रुवारीतही मिळेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. मेघालयातील फळ साधारणपणे जानेवारीनंतर येते व ते मुख्यतः पूर्वेकडेच खपते. काश्मीरचे फळ मे महिन्यात, काही आठवड्यांपुरतेच असते. तेव्हा आपला हंगाम संपलेला असल्याने त्याची आपल्याशी स्पर्धा नाही.

या सर्वांचा मेळ घातला म्हणजे असे दिसते की काश्मीर सोडल्यास प्रत्येक भागाचा भर फेब्रुवारीच्या आगेमागे येतो. थंडी सर्वत्र एकाच सुमारास येते, त्याला इलाज नाही. इलाज आहे तो लागवडीच्या तारखांत आणि तोडलेल्या फळाच्या वाटणीत.

लवकर लागवडीचा मोह

डिसेंबरात नाताळच्या सुमारास पर्यटक डोंगरावर येतात, फळ थोडे असते, भाव उत्तम असतो. म्हणून ऑगस्टच्या अखेरीसच सर्व क्षेत्र लावून मोकळे व्हावे, असे अनेकांस वाटते. सेवेच्या प्रारंभीच्या वर्षांत मलाही तसेच वाटत असे. एका वर्षी पाऊस उघडल्यासारखा दिसला म्हणून एका शेतकऱ्यास मी अर्ध्या एकरावरील रोपे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लावून घेण्यास सांगितले. पुढे दसऱ्यापर्यंत पावसाची रिपरिप थांबली नाही. गादीवाफ्यांच्या कडा ढासळल्या, रोपांचा गाभा तांबूस होऊन कुजला आणि ओळीत जागोजाग खाडे पडले. दुसऱ्यांदा लावण्यास चांगली रोपे कोठेच मिळेनात; मिळाली ती रोगट. त्या शेतकऱ्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण त्या वर्षी मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्याला रोपांत घालावे लागले, हे मला नंतर त्याच्या पत्नीकडून कळले. तेव्हापासून एकाच तारखेस सर्व क्षेत्र लावण्याचा सल्ला मी कोणासही देत नाही.

अनुभवाअंती अशी विभागणी हितावह वाटते: क्षेत्राचा चौथा हिस्सा सप्टेंबरच्या मध्यास लवकर फळणाऱ्या जातीचा लावावा व तोही उताराच्या, पाण्याचा निचरा तत्काळ होणाऱ्या जागी. निम्मे क्षेत्र सप्टेंबरच्या अखेरीस ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावावे. उरलेला चौथा हिस्सा ऑक्टोबरच्या मध्यास लावावा. शेवटच्या हिश्श्याचे फळ उशिरा सुरू होते हे खरे. परंतु पहिल्या हिश्श्यावर पावसाने घाला घातला तर घर चालते ते याच्यावर. हा हिस्सा उंचावरील गावांनीच ठेवावा. सखल भागात उशिरा लावलेल्या रोपांना उन्हाळा गाठतो.

पावसाचा भरवसा आता पूर्वीइतकाही उरलेला नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला व रोपवाटिकांची हानी झाली. त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आला आणि तोड्यास आलेले फळ वाफ्यावरच नासले. अशा पावसानंतर पहिले काम औषध फवारण्याचे नसून भिजलेली, फुटलेली व करड्या बुरशीची फळे वेचून शेताबाहेर पुरण्याचे आहे. ती तशीच राहिली तर बुरशी पुढच्या फुलोऱ्यावर जाते आणि मग महागडी फवारणीही उपयोगी पडत नाही.

थंडी व मधमाश्या

वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात व पर्यटक खूश होतात, बागायतदाराने मात्र सकाळी फुले पाहावीत. फुलाचा मधला पिवळा भाग काळा पडला असेल तर ते फूल फळणार नाही. याचा अर्थ चार ते पाच आठवड्यांनी त्या शेताची आवक घटणार, हे आजच समजले. ज्याने व्यापाऱ्याशी मालाचा बोल केला असेल त्याने ही गोष्ट वेळीच त्याच्या कानावर घालावी.

वाकडी-तिकडी, एका बाजूस दबलेली फळे पुष्कळदा परागीकरण अपुरे झाल्याने होतात. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. ज्या डोंगरात मध होतो तेथे फुलोऱ्याच्या वेळी भर सकाळी कीटकनाशक मारून माश्या मारणे हा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेण्याचा प्रकार आहे. फवारणी अटळ असल्यास माश्या परतल्यावर, सायंकाळी करावी.

तोडलेल्या फळाची वाटणी

तोडा पहाटे, दव सुकताच करावा. फळ धुऊ नये, देठासह खुडावे आणि सावलीत न्यावे. मोठे, एकसारखे फळ पनेटमध्ये, मध्यम फळ जवळच्या बाजारात व रस्त्यावरील विक्रीस, बारीक परंतु पक्व फळ जॅम-सरबताच्या कारखान्यास, अशी प्रतवारी शेतातच व्हावी.

मुंबईस पाठवावे की कारखान्यास द्यावे, हा प्रश्न दरवर्षी फेब्रुवारीत उभा राहतो आणि पुष्कळ जण तो केवळ भावाकडे पाहून सोडवितात. पुढील हिशेब केवळ समजुतीसाठी आहे, आकडे ज्याचे त्याने आपले घालावेत. समजा, मुंबईचा भाव किलोस १२० रुपये आहे. वाटेत व विक्रीपूर्वी दहावा हिस्सा फळ खराब झाले, तर हाती १०८ रुपये येतात. पनेट, पेटी, भाडे, दलाली मिळून ३५ रुपये गेले की ७३ उरतात. कारखाना ६० रुपये देतो व तेथवरचे भाडे ४ रुपये आहे, उरले ५६. येथे मुंबईच बरी. पण मुंबईचा भाव १०० झाला तर नासाडी वजा जाता ९०, आणि खर्च जाता ५५ उरतात, म्हणजे कारखान्याहून एक रुपया कमीच. तेव्हा या शेतकऱ्याने १०० रुपये ही आपली सीमा समजावी व भाव तिच्याखाली जाताच पेट्या भरणे थांबवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी प्रत्येक बागायतदाराकडून हा हिशेब त्याच्याच वहीत मांडून घ्यावा. तोड्याच्या धांदलीत तो होत नाही.

मार्चमध्ये परीक्षांमुळे पर्यटक रोडावतात आणि त्याच वेळी उन्हाने फळ लहान होते. या महिन्यातील माल मुख्यतः प्रक्रियेचाच आहे असे धरून कारखान्याशी बोलणी जानेवारीतच करावीत. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी झाली तेव्हा पर्यटक, वाहने व बाजार एकाच वेळी बंद पडले आणि काही शेतकऱ्यांवर पिकलेली फळे गुरांपुढे टाकण्याची पाळी आली. तसे संकट वारंवार येत नाही. परंतु चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून फळाचा गर काढून तो शीतगृहात गोठवून ठेवण्याची सोय शोधून ठेवली, तर साध्या मंदीतही ती उपयोगी पडते.

हंगाम संपताना

शेवटच्या तोड्यानंतर जुनी रोपे शेतात तशीच ठेवून त्यांचेच धुमारे पुढील वर्षी लावण्याची प्रथा काही गावांत आढळते. मातृरोपांचा खर्च वाचतो हे तिचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु लाल कोळी व गाभ्याची कूज या दोन्ही व्याधी याच मार्गाने नव्या बागेत उतरतात. ज्यास दरवर्षी मातृरोपे घेणे परवडत नाही, त्याने निदान दोघा-तिघांत मिळून थोडी घ्यावीत. एका निरोगी मातृरोपापासून साधारण पंचवीस-तीस रोपे मिळतात. त्यांची रोपवाटिका बागेपासून दूर, आडोशाखाली व उंच वाफ्यांवर ठेवावी. जुनी रोपे मे महिन्यात, वळवाच्या सरी येण्यापूर्वी, मुळासकट काढून शेताबाहेर न्यावीत आणि मल्चिंगचा कागद गोळा करून घ्यावा. बांधावर टाकलेला हा कागद पहिल्या पावसात ओढ्यात जातो, आणि त्या ओढ्याचेच पाणी ऑक्टोबरात ठिबकाच्या नळीत घ्यावयाचे असते.