पहिली कादंबरी : प्रकार कसा निवडावा?

कादंबरी लिहू इच्छिणारे विद्यार्थी आम्हांस नेहमी विचारतात : सामाजिक लिहू, ऐतिहासिक लिहू, की रहस्यमय? प्रश्न जुनाच आहे. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) विधवांची दुःस्थिती मांडली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांनी ‘मुक्तामाला’त (१८६१) अद्भुतरम्य कथा रचली, तर रा. भि. गुंजीकरांनी ‘मोचनगड’मध्ये (१८७१) इतिहासाची वाट धरली. अवघ्या १४ वर्षांत तीन वाटा खुल्या झाल्या. त्यांतील आपली कोणती?

आमच्या मते निवडीपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात : आपणांस खरोखर ठाऊक काय आहे, आणि मनाला सलणारा प्रश्न कोणता आहे.

तीन पहिल्या कादंबऱ्या पाहू. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) त्यांच्या जन्मभूमीत, माणदेशात घडते. तेथील माणसे त्यांनी ‘माणदेशी माणसं’मध्ये आधीच रेखाटली होती. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) खानदेशातून पुण्यास शिकावयास गेलेल्या तरुणाची आत्मकथनपर कहाणी आहे. ती वाट लेखकाने स्वतः तुडवली होती. शिवाजी सावंतांनी मात्र ‘मृत्युंजय’साठी (१९६७) महाभारतातील कर्ण निवडला. काळ दूरचा, परंतु जन्मावरून माणसाची किंमत ठरावी काय, हा प्रश्न आजचा. म्हणजे दूरचा विषय वर्ज्य नाही. तेथे अनुभवाची जागा अभ्यासाने भरून काढावी लागते, इतकेच.

प्रत्येक प्रकार काही मागतो. ऐतिहासिक कादंबरी त्या काळचे अन्न, वाहन, नाणे यांची माहिती मागते. रहस्यकथा शेवट आधी ठरवून, त्याचे धागे वाचकापासून न लपवता विणावयास लावते. ग्रामीण कादंबरीस बोलीचा कान हवा. म्हणून एकच प्रसंग दोन प्रकारांत दोन-दोन पाने लिहून पाहावा. लेखणी कोठे अडते आणि कोठे धावते, हे आपोआप कळते.

एक गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते. वसतिगृहातील मुलांच्या वह्यांत राजवाडे असतात, परदेशी शहरांतील खून असतात. पण ऊसतोडीच्या फडावरील कोपी नसते. “आमच्या घरी लिहिण्यासारखे आहे काय?” असे ती विचारतात. येथे निवड लेखक करीत नाही, त्याचा संकोच करतो. उलट, वस्तीतील मुलाने केवळ दुःखच लिहावे, हा आग्रहही तितकाच अन्यायाचा आहे. त्याने खुशाल रहस्यकथा लिहावी. मात्र ती लंडनमध्येच घडावी असे नाही. मुकादमाच्या वहीत आईबापांच्या नावे मांडलेली उचल दरवर्षी फिटूनही बाकी कशी राहते, हे शोधणारा मुलगाही रहस्यकथेचा नायक होऊ शकतो.