लायक होण्याची वाट पाहू नका

विश्वास कोणी एका दिवसात सोडत नाही. आधी एखादा रविवार चुकतो. मग घरातली संध्याकाळची प्रार्थना मागे पडते. कोणी विचारलंच तर ‘जरा कामात होतो’ हे उत्तर तयार असतं. राहुरी तालुक्यात मास्तरकी करण्यात माझा जन्म गेला, आणि मंडळीतली कितीतरी माणसं अशी पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर आणि तिथून दाराबाहेर गेलेली मी पाहिली. त्यांच्यात मीही होतो. ज्यांचं मन एखादी जुनी खंत कुरतडते आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझी खंत थोरल्या भावाची. मुळा कालव्याचं आवर्तन सुटलं की पाण्याच्या पाळीवरून आमची बोलाचाली व्हायची. ती वाढत बांधापर्यंत गेली आणि अबोला पडला. तो आजारी पडला तेव्हा गावातली माणसं सांगत होती, “मास्तर, एकदा जाऊन या.” आज जाऊ, उद्या जाऊ करता करता मी गेलो तो त्याच्या मातीलाच.

पुढच्या प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला माझ्यापर्यंत आले. मी हात न लावता ते शेजारच्याकडे दिले. पौलानं स्वतःची परीक्षा करायला सांगितलं आहे, मग माझ्यासारख्यानं कशाला घ्यावं, असं वाटलं. पण पौल ‘परीक्षा करावी आणि मग खावं’ असं सांगतो. परीक्षा करून उठून जावं, असं तो कुठेच म्हणत नाही. हे तेव्हा सुचलं नाही. आधी मन स्वच्छ होऊ दे, मग येईन, असं मी ठरवलं आणि घरी बसलो. पड टाकलेल्या रानात हराळी माजावी तसं झालं. प्रार्थना, वचन, माणसं, सगळं तोडल्यावर मनात एकटी खंतच वाढत राहिली.

शुभवर्तमानात पश्चात्ताप यहूदालाही झाला होता. त्यानं चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली, निर्दोष माणसाला धरून दिल्याचं कबूलही केलं. पण कबुली देऊन तो एकटाच निघून गेला. पेत्रही ढसढसा रडला, मात्र तो बाकीच्या शिष्यांत राहिला. म्हणूनच गालीलच्या समुद्रकाठी प्रभूनं कोळशाच्या विस्तवावर मासे भाजले, तेव्हा पेत्र तिथे होता. प्रभूनं आधी न्याहारी दिली. मग, ज्यानं तीनदा नाकारलं होतं त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? का नाकारलंस, असं एकदाही विचारलं नाही. उलट प्रत्येक उत्तरावर मेंढरं सांभाळायचं काम सोपवलं.

मला परत आणलं ते मंडळीतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी. उपासना सुटली की त्या आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. “मास्तर, आज टिळकांचं गीत म्हटलं,” एवढंच सांगायच्या आणि चहा पिऊन जायच्या. का येत नाही, असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांच्यामुळे मी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हातात घेतलं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार मोडला. काही वर्षं ताटातुटीत गेली. पुढे त्या टिळकांकडे नगरला आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळूनच. जातिभेद देवानं केलेला नाही, हे मनाला पटायला वेळ लागला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. शाळेचं शिक्षण नसलेल्या या बाईनं पन्नाशी उलटल्यावर त्याचे पुढचे ६४ अध्याय रचले. ‘स्मृतिचित्रे’त रडणं, रुसवे, भांडणं, काहीही त्यांनी लपवलेलं नाही. मन शांत झाल्यावर कामाला लागू, असं त्या म्हणत बसल्या असत्या तर ‘ख्रिस्तायन’चं पुढचं पान कोरंच राहिलं असतं.

म्हणून माझं सांगणं असं. पहिलं, आहात तसे परत या. मागच्या बाकावर बसा, पण बसा. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर एकावन्नावं किंवा एकशे तिसावं स्तोत्र मोठ्यानं वाचा. तीही मोडलेल्या माणसाचीच प्रार्थना आहे.

दुसरं, जे अजून भरून देता येण्यासारखं आहे ते भरून द्या. मी वहिनींकडे गेलो आणि म्हणालो, “वहिनी, माझं चुकलं.” त्या म्हणाल्या, “भाऊजी, आधी चहा घ्या.” मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “ते वाट बघत होते तुमची.” ते ऐकणं फार जड गेलं. पण त्या दिवसापासून पाण्याची पहिली पाळी त्यांच्या रानाला आहे. क्षमा मिळाली म्हणून दुःख पुसलं जात नाही. मात्र दुःख बाळगूनही माणूस देवापुढे उभा राहू शकतो.

तिसरं, शरीराकडे लक्ष द्या. एलीया रतामाच्या झाडाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, देवदूताकरवी दोनदा भाकर आणि पाणी दिलं. थकलेल्या, उपाशी मनानं देवाबद्दल निष्कर्ष काढू नयेत. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वासाची उणीव नाही.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. एखादी जागा रिकामी दिसली तर त्या घरी जा. जाब विचारायला नको. चहा घ्या, आज कोणतं गीत म्हटलं ते सांगा आणि पुढच्या रविवारीही जा.

आणि ज्यांचा अबोला अजून जिवंत माणसाशी आहे, त्यांनी डोंगरावरच्या प्रवचनातली आज्ञा आठवावी. अर्पण वेदीपाशी तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभूनं सांगितलं आहे. ‘आधी’ म्हणजे आजच. माझा भाऊ राहिला नाही. तुमचा असेल, तर बांध कोणाचा आणि पाळी कोणाची हे नंतर बघा. आधी त्याच्या घरी जा.