कानबाईना रोट : पंचमी आणि प्रत्यय

कामरेजपासून उधना-लिंबायतपर्यंत स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबे श्रावणात कानबाई बसवतात. नागपंचमीनंतरचा रविवार हा तिचा दिवस. पण पंचमी कोणती? महाराष्ट्रात ती श्रावण शुद्ध, गुजरातेत श्रावण वद्य. महिना एकच, अंतर पंधरवड्याचे! शेजाऱ्यांना विचारून भागत नाही. मराठी पंचांगच पाहावे लागते.

भाषेत मात्र उलट घडते. ‘कानबाईचा रोट’ हे प्रमाण मराठी. अहिराणीत ‘कानबाईना रोट’. हा ना-नी प्रत्यय गुजराती शाळेत शिकणाऱ्या नातवंडांना परका वाटत नाही. म्हणून मला वाटते, इथे प्रमाण मराठीआधी अहिराणी गाणीच मुलांपर्यंत पोहोचतील. रोट भाऊबंदांनीच खायचा असल्याने विखुरलेले कुळ त्या दिवशी एकत्र येते. गाणी नोंदवायची ती तेव्हाच, सोमवारच्या विसर्जनाआधी.