रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि गावाचे आरोग्य

शेतात काम करताना पायात काटा रुतला, की थोड्याच वेळात ती जागा लाल होते, सुजते आणि ठणकू लागते. वैद्यकशास्त्र या अवस्थेस दाह म्हणते. शरीराने स्वसंरक्षणार्थ सुरू केलेली ही क्रिया होय. तीत रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावरील प्रथिनांचा मोठा वाटा असतो. परंतु हाच दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला, तर हृदयविकार व पक्षाघात यांस कारण होतो.

अस्तराचे कार्य

रक्तवाहिनी म्हणजे केवळ नळी नव्हे. तिच्या आतील बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. कॅडहेरिन नावाचे प्रथिन या पेशींना परस्परांशी जखडून ठेवते. इजा झाली, की ही पकड सैल होते, रक्तातील द्रव बाहेर झिरपतो व सूज येते. त्याच वेळी अस्तरावर सिलेक्टिन वर्गातील प्रथिने प्रकट होतात. वेगाने वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना अडखळून मंदावतात. मग दुसरी चिकट प्रथिने त्यांना घट्ट धरतात आणि त्या पेशी भिंतीतून बाहेर पडून जंतूंचा नाश करतात. काम संपले, की ही प्रथिने ओसरतात.

अस्तरातील आणखी एक प्रथिन नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते. त्यामुळे रक्तवाहिनी सैल राहते. या वायूच्या कार्याचा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो व मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

न शमणारा दाह

उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि रक्तातील जादा कोलेस्टेरॉल यांमुळे अस्तरास सतत इजा होते. नायट्रिक ऑक्साइड अपुरा पडतो व चिकट प्रथिने कायम राहतात. पांढऱ्या पेशी भिंतीत शिरून चरबी गिळतात आणि तेथेच साचतात. हा थर फुटला, की त्यावर रक्ताची गुठळी होते. ती हृदयाच्या रोहिणीत झाली तर झटका येतो, मेंदूच्या रोहिणीत झाली तर पक्षाघात.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, कोलेस्टेरॉल कमी न करता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण घटले. मात्र त्या औषधामुळे प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले. यास्तव दाह दडपण्यापेक्षा त्याची कारणे दूर करणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

जामखेडचा धडा

काटा दुखतो, म्हणून तो काढला जातो. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. तो मोजावाच लागतो. हे काम गावातच होऊ शकते, हे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडने दाखवून दिले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. माता व बालकांच्या आरोग्यापासून सुरू झालेल्या या कामात पुढे रक्तदाब तपासणीही आली. १९७९ साली आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला.

गावाने काय करावे

तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची रक्तदाब व मधुमेह तपासणी शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. ग्रामसभेने तिचा पाठपुरावा करावा. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास उपचार घ्यावेत आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. शिक्षकांनी तंबाखू व मिश्रीचे दुष्परिणाम मुलांमार्फत घरोघरी पोहोचवावेत. जेवणात मीठ कमी असावे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोबडी वळणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अस्तराची झीज डोळ्यांना दिसत नाही, परंतु रक्तदाबाचे साधे यंत्र तिची सूचना कित्येक वर्षे आधी देऊ शकते.